दहावं नाव

१० जानेवारी १९८३

वीज मंडळाच्या ऑफिसात आज सहावी फेरी. साहेब रजेवर. शिपाई म्हणाला, "गांगुर्डे, तुम्ही रोज येऊ नका हो, मलाच वाईट वाटतं." तासभर बाकावर बसलो आणि उठून आलो.

अंबडचा गाळा मिळून चार महिने झाले. आत पत्रा दाबायचे दोन प्रेस आणून ठेवलेत, एक मोठा, एक छोटा. दोन्हींवर गोणपाट टाकलंय. सातपूरच्या कंपनीत पंधरा वर्षं टूलरूममध्ये दुसऱ्यासाठी डाय, म्हणजे प्रेसचे साचे, बनवले. चाळिशी उलटल्यावर वाटलं, आपलं काहीतरी असावं. दिवाळीला राजीनामा दिला. तेव्हापासून लोखंडाला हात लागलेला नाही. नुसते कागद. लघुउद्योगाची नोंदणी झाली, विक्रीकराचा नंबर झाला, गाळ्याचा नकाशा तीन प्रतींत दिला, मग कळलं पाच प्रती लागतात. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला चार फेऱ्या मारून आणला, तर खिडकीवरचा माणूस म्हणतो, हा तुम्हाला कोणी मागितला?

वत्सला म्हणते, कोण कधी काय म्हणालं ते लिहून ठेवत जा, नंतर उपयोगी पडतं. ती तिसरीच्या वर्गाला शिकवते, तिथेही हेच सांगत असेल. वहीसुद्धा तिच्याच शाळेतली, दुरेघी.

२७ जानेवारी

निवृत्ती खैरनारला भेटलो. कोर्टासमोर झाडाखाली टाइपरायटर मांडून बसतो, छोट्या गाळेवाल्यांचे कागद करून देतो. चांगला माणूस आहे, घाई करत नाही.

"किती माणसं ठेवणार?" त्याने विचारलं.

"सुरुवातीला सहा-सात. पुढे वाढतील."

"वाढवा. पण नऊच्या पुढे जाऊ नका. विजेवर मशीन चालतं आणि दहा माणसं कामाला आहेत, म्हणजे कायद्याने तो कारखाना. मग लायसन्स आलं, मशीनला जाळ्या आल्या, भरपगारी रजा आली, कोणाला लागलं-खुपलं तर लगेच कळवणं आलं, इन्स्पेक्टर केव्हाही दारात. नऊ आहेत तोवर तुम्ही नुसते गाळेवाले."

मी म्हटलं, "निवृत्तीभाऊ, मी कामगार कमिटीत होतो. हे सगळं मीच कंपनीकडे मागायचो. गेटवर उभं राहून."

तो हसला. "मागायला काय लागतं?"

त्याचं हसणं आवडलं नाही. पण नऊचा आकडा डोक्यात राहिला.

११ मार्च

वीज आली. दहा वाजून पाच मिनिटांनी मोठा प्रेस चालू झाला. वत्सला अर्धी रजा टाकून आली होती. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना तिने हार घातले, पेढे वाटले. प्रेसवर केरू होता. केरू चांदवडकडचा, सातपूरला माझ्याच हाताखाली शिकला. तिथे त्याला हंगामी म्हणून ठेवायचे आणि कायम करावं लागू नये म्हणून दर सहा महिन्यांनी ब्रेक द्यायचे. मी त्याला सांगितलं, "माझ्याकडे ब्रेक नाही. पहिल्या दिवसापासून तू कायम." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असावं.

पहिला ब्रॅकेट डायमधून पडला तो खिशात घालून घरी आणला आहे.

२ मे

हजेरीचं मस्टर आणलं. निळ्या कापडाच्या पुठ्ठ्याचं. सात नावं लिहिली. अक्षर मुद्दाम नीट काढलं.

मोठ्या कंपनीची ब्रॅकेटची ऑर्डर कायम झाली. दर पंधरा दिवसांनी माल द्यायचा.

१९ मे

आज केरू मला सगळ्यांसमोर "शेठ" म्हणाला. मी म्हटलं, जयरामभाऊच म्हण. म्हणाला, "बरं शेठ."

२० जून

कलाबाई म्हणून एक बाई कामाला ठेवली. कलाबाई भोये, हरसूलकडची. तिचा नवरा मंगळू मागच्या प्लॉटवरच्या बांधकामावर रखवालदार आहे, दोघं तिथेच पत्र्याच्या खोपीत राहतात. पंधरवडाभर ती गाळा झाडायला येत होती. झाडता झाडता वॉशर वेगळे करू लागली, कोणी न सांगता. आज तिला निवडायला बसवलं तर दुपारच्या आत सगळा ढीग संपला. केरू म्हणाला, "शेठ, ही बाई लय चपळ हाय. ठेऊन घ्या."

मस्टरवर नऊ झालेत. तिला सध्या तसंच ठेवलं आहे. मजुरी इतरांइतकीच देतो, त्यात फरक करणार नाही.

३ ऑगस्ट

कलाबाईला छोट्या प्रेसवर बसवलं. दोन दिवसांत शिकली. पट्टी सरकवायची, पायाने पेडल दाबायचं, ब्रॅकेट काढायचा. तिचा हात बघत राहावंसं वाटतं.

संध्याकाळी हात धुताना तिने विचारलं, "भाऊ, त्या निळ्या वहीत माझं नाव हाय का?"

म्हटलं, "पुढच्या महिन्यात घालू."

"बरं," म्हणाली. समंजस बाई आहे.

२९ सप्टेंबर

आज घाबरगुंडी उडाली. साडेतीनला फाटकाशी सरकारी जीप थांबली. निवृत्तीने बजावलेलं होतं, जीप दिसली की आधी माणसं मोजा. मी केरूला खूण केली, केरूने कलाबाईला मागच्या दाराने बाहेर काढलं. भिंतीमागे भंगाराचा ढीग आहे, त्याच्या आड ती बसली. जीप वीज मंडळाची निघाली. मीटर बघायला आले होते. चहा प्याले, गप्पा मारल्या, गेले. पाऊण तास मोडला. या सगळ्यात कलाबाईला आत बोलवायचं राहूनच गेलं. पाच वाजता लक्षात आलं. बाहेर गेलो तर पावसाची भुरभुर चालू आणि ती डोक्यावर पुठ्ठा धरून तशीच बसलेली.

"अगं, आत यायचं ना."

"तुमी हाक दिली नाय," म्हणाली.

पुढच्या वेळी आठवणीने हाक मारायची. आडोशाला एक पत्राही टाकून घेतो.

१५ ऑक्टोबर

काल धम्मचक्र प्रवर्तन दिन, गाळा बंद. कॉलनीतल्या विहारातून येताना वत्सलाने विचारलं, "सध्या किती माणसं आहेत आपल्याकडे?"

"नऊ."

"आणि कलाबाई?"

"ती तशी मदतीला आहे."

"प्रेसवर बसते ना ती?"

म्हटलं, "हो, बसते."

मग घरापर्यंत ती काही बोलली नाही. सहामाहीचे पेपर तपासायचे पडलेत तिचे, त्याचा ताण असेल.

१४ जानेवारी १९८४

तीन महिने लिहायला फुरसत नाही. कंपनीने ऑर्डर दीडपट केली आहे आणि मुदत तीच. नव्या ब्रॅकेटची डाय अडचणीची आहे, माल आत अडकून बसतो. केरूने छोट्या प्रेसची पुढची जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवली आहे. जाळी असली की हात घालून माल काढायला वेळ जातो म्हणतो. मी पाहिलं. शनिवारी माल द्यायचा आहे.

१८ जानेवारी

सव्वाअकरा वाजता कलाबाईचा उजवा हात प्रेसमध्ये गेला. दोन बोटं. आज आणखी लिहवत नाही.

२० जानेवारी

लिहायला हवं. वत्सला म्हणाली, लिहा.

आवाज वेगळा आला. पंधरा वर्षं प्रेसचे आवाज ऐकलेत, पत्र्याचा वेगळा, हा वेगळा. मी टेबलावरून उठलो तोवर केरूने मोटार बंद केली होती. कलाबाई ओरडली नाही. ती हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. मी तिच्या पदराने हात गुंडाळला, रिक्षा थांबवली, सरकारी दवाखान्यात नेलं. रिक्षात ती एकदाच बोलली. "काम आडलं तुमचं."

तरुण डॉक्टर होता. हात बघितला, मग कागद पुढे ओढून विचारलं, "कसं झालं?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो ते मला आजही ठाऊक नाही. माझ्याआधी कलाबाई बोलली.

"गावाकडं कुट्टीच्या यंत्रात गेला. कडबा घालत व्हते."

"गाव कुठलं?"

"हरसूल."

डॉक्टरने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "हरसूलहून इथं यायला दोन तास लागतात. ही जखम अर्ध्या तासाची आहे."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. माझ्या शर्टावर ग्रीस होतं, बाहीवर रक्त. "तुम्ही कोण यांचे?"

"ओळखीचा," मी म्हटलं.

त्याने जे सांगितलं तेच लिहून घेतलं. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं.

मी तिला काहीही शिकवलं नव्हतं. एक शब्द सांगितला नव्हता. माझ्यावर संकट येऊ नये म्हणून ती स्वतःहून बोलली. असं माणूस मिळणं कठीण.

२३ जानेवारी

निवृत्ती स्वतः गाळ्यावर आला. म्हणाला, "दवाखान्याच्या कागदावर गावचं यंत्र आहे ना? मग संपलं. मस्टरवर ती नाही, कागदावर तुम्ही नाही. काही करू नका. मशीन धुऊन घ्या."

मशीन केरूने त्याच दिवशी धुतलं होतं. जाळीही लावली. कोणी सांगितलं नव्हतं.

५ फेब्रुवारी

कलाबाईच्या खोपीवर गेलो. दूध, फळं, औषधं नेली. मंगळूने बसायला गोणपाट टाकलं आणि दोनदा हात जोडले. कलाबाईने चहा केला. डाव्या हाताने. मी नको म्हणत होतो. भांडं उतरवताना चहा हिंदकळला तेव्हा मंगळू उठला नाही आणि मीही उठलो नाही.

म्हटलं, "बरी झाली की परत ये. पॅकिंगला बसवतो. तुझी जागा आहे."

"व्हय," म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. अजून दुखत असणार.

१२ फेब्रुवारी

आज वत्सला बोलली. इतके दिवस मला वाटत होतं की शाळेत काहीतरी बिनसलंय. ती संध्याकाळी उशिरा यायची, तेव्हा वार्षिक संमेलनाची तालीम असेल असं मी धरलं होतं. ती कलाबाईकडे जायची. पट्टी बदलायला, भाकरी टाकून द्यायला. तीन आठवडे.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "दवाखान्यात डॉक्टरने विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"ओळखीचा."

"हां. तेच तिने मला सांगितलं. मी म्हटलं, तुझ्याकडूनच खात्री करून घ्यावी." पंधरा वर्षांत ती मला 'तू' म्हणाली नव्हती. तिच्याही ते लक्षात आलं नसावं.

मी म्हटलं, "बातमी लागली तर गाळा बंद होईल. नऊ घरं आहेत."

"दहा," ती म्हणाली. "कमिटीत असताना मालकाचे लोक हेच सांगायला यायचे ना तुम्हाला? एवढी घरं आहेत म्हणून. तुम्ही घरी येऊन मला त्यांची नक्कल करून दाखवायचा. मी हसायचे."

तिने ताटं उचलली. मी बसून राहिलो. थकवा इतका आहे की शरमसुद्धा पुरती वाटत नाही.

२० फेब्रुवारी

ठरवलं. इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जाऊन सांगायचं. आधी कलाबाईला कळवावं म्हणून गेलो. वाटलं होतं तिला बरं वाटेल.

ती चिडली. तिला चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"आता कशाला? मी कागदावर खोटं सांगितलं, आता खरं सांगितलं तर पोलीस मलाच धरतील."

"नाही धरणार. मी सांगेन ना, की माझ्यासाठी बोलली म्हणून."

"तुमच्यासाठी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमच्यासाठी कोण बोललं? खरं सांगितलं असतं तर तुमी मला त्याच दिशी काढलं असतं. दोन बोटं गेली ती गेली, वरून काम बी गेलं असतं. जीप आली की मला भायेर काढता, मग डागदरापुढं मी काय सांगायचं व्हतं? मला वाटलं हेच सांगायचं असतंय."

मंगळू तिला गप्प बस म्हणत होता. ती गप्प झाली नाही.

"खरं सांगते मी. पण पैलं माझं नाव त्या निळ्या वहीत घाला. नाव घातल्याबिगर मी कुठंच यायची नाय."

महिनाभर मी काय समजत होतो, तेच मनात येत राहिलं. चालत घरी आलो. बस दोनदा शेजारून गेली, हात करायचं सुचलं नाही.

५ मार्च

इन्स्पेक्टर साहेब वयस्कर आहेत, चष्म्याला दोरी. मी सगळं सांगितलं, उभ्यानेच. ते मध्ये बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "बसा. इथे लोक अपघात लपवायला येतात. सात आठवड्यांनी सांगायला आलेला पहिलाच."

मला वाटलं कौतुक करतायत. तसं नव्हतं. त्यांनी शांतपणे एकेक सांगितलं. दहा माणसं असताना लायसन्स नाही, त्याबद्दल खटला होईल. अपघात कळवला नाही, त्याबद्दल होईल. जाळी नव्हती, त्याबद्दल होईल. कबूल केलं म्हणून यातलं काही कमी होत नाही. आणि भरपाईसाठी बाईंनी कामगार न्यायालयात अर्ज करायचा. तिथे दवाखान्याचा कागद त्यांच्याच विरुद्ध जाईल.

मी विचारलं, "मस्टरवर नाव घालू का?"

"घालाच."

"मागच्या जूनपासून?"

"नाही. मागची तारीख आज घातलीत तर तो आणखी एक खोटा कागद होईल. ज्या दिवशी नाव लिहाल त्या दिवसाची तारीख."

१६ एप्रिल

लायसन्सचा अर्ज, नकाशे, फी, सगळं पोचलं. कलाबाई आज कामावर आली. तिच्यासमोर मस्टर उघडून दहावं नाव लिहिलं. कलाबाई मंगळू भोये. कामावर आल्याची तारीख, १६ एप्रिल १९८४.

तिला वाचता येत नाही, पण आकडे कळतात. बोट ठेवून म्हणाली, "ह्ये चौऱ्याऐंशी हाय."

"हो."

"मी आले तवा त्र्याऐंशी व्हतं."

साहेबांनी सांगितलेलं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं तिने. "म्हंजी हात गेला तवा मी नव्हतेच," म्हणाली आणि पॅकिंगच्या पाटावर जाऊन बसली.

२८ मे

मोठ्या कंपनीचं पत्र. खटल्याचा निकाल लागेपर्यंत ऑर्डर स्थगित. ज्या खुर्चीवरून हे पत्र निघालं तिथला माणूस एकेकाळी सातपूरला माझ्याबरोबर कमिटीत होता. त्याला दोष देत नाही.

काम अर्ध्यावर आलं. दोन जण आपणहून गेले.

१९ जुलै

कामगार न्यायालय. चार तारखा झाल्या, आज ऐकून घेतलं. कलाबाईतर्फे संघटनेचा वकील होता, वत्सलाने शोधलेला. मी एकटाच.

न्यायाधीशांनी विचारलं, "सामनेवाले गांगुर्डे तुम्हीच? वकील?"

"नाही."

"अर्जदाराचं म्हणणं नाकारता?"

"नाही साहेब. सगळं कबूल आहे."

त्यांनी कागद चाळले. "मग दवाखान्याच्या कागदावर हरसूलचं यंत्र कसं?"

कलाबाई उभी राहिली. "मी सांगितलं व्हतं." आवाज बारीक पण ऐकू आला.

"तुम्हाला तसं सांगायला कोणी सांगितलं?"

ती माझ्याकडे बघेल असं वाटलं. बघितलं नाही. "कोणी नाय," म्हणाली.

मी उठलो. "साहेब, मी शेजारी उभा होतो. डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही कोण. मी म्हटलं, ओळखीचा. तिला भिंतीमागे लपवायची सवय मी लावली होती. तिने तेच केलं."

"मशीनची जाळी कोणी काढली?"

केरू मागच्या बाकावर होता. त्याचा श्वास ऐकू येतोय असं वाटलं. येताना बसमध्ये तो काही बोलला नव्हता आणि मीही विचारलं नव्हतं. माझ्या मनात उत्तर तयार होतं, ते खरंही होतं. दोन शब्दांचं. केरूने काढली.

म्हटलं, "माझ्यासमोर भिंतीला टेकवलेली होती. चार दिवस. मी रोज बघत होतो आणि मला माल द्यायचा होता."

त्यांनी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर केरू दूर उभा राहून विडी ओढत होता. मग जवळ आला, म्हणाला, "चला भाऊ, बस येईल."

निकाल कलाबाईच्या बाजूने लागेल असं वकील म्हणतो.

२२ ऑगस्ट

तसाच लागला. भरपाई मंजूर झाली. माझ्या खटल्यात दंडही झाला. वत्सलाने तिच्या पतपेढीतून उचल घेतली, त्यावर आमच्यात एक अक्षर बोलणं झालं नाही. 'तुम्ही' मात्र परत आलं आहे, जेवायला वाढताना.

कारखान्याचं लायसन्स आलं. त्याच दिवशी आणखी एक जण सातपूरला लागला. आता कलाबाई धरून सात माणसं.

निवृत्ती आला, लायसन्स बघून हसत सुटला. "सात माणसं! अहो, आता याची गरजच नाही. परत करून टाका. जाळ्या, रजा, इन्स्पेक्टर, सगळ्यातून सुटाल."

त्याचं म्हणणं बरोबर आहे. मी म्हटलं, बघू. त्याने मुळात वाईट सांगितलं नव्हतं कधी; मी विचारलं तेवढं सांगितलं.

लायसन्स काचेत लावलं. त्यात काही बाणा नाही. परत करायचं तर पुन्हा त्या ऑफिसांच्या पायऱ्या चढायच्या, आणि पुन्हा माणसं मोजत बसायचं. दोन्ही होणार नाही माझ्याच्याने.

६ सप्टेंबर

आज इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले. जीप फाटकाशी थांबली. पॅकिंगच्या पाटावर कलाबाई बसली होती. क्षणभर तिचे हात थांबले, मागच्या दाराकडे नजर गेली. मी म्हटलं, "बसा, बसा." ती बसून राहिली.

साहेबांनी दोन्ही प्रेस बंद-चालू करून पाहिले, जाळ्या ओढून पाहिल्या. मस्टर मागितलं. एकेक नाव वाचून माणसाकडे बघत होते. शेवटच्या नावाशी आले.

"कलाबाई भोये. सोळा एप्रिल चौऱ्याऐंशी." मग तिच्याकडे वळून, "बाई, कधीपासून आहात इथे?"

केरूने मोटार बंद केली होती. साहेबांना सगळं ठाऊक होतं, त्यांनीच तारीख सांगितली होती. तरी ते असे विचारत होते की जणू आज पहिल्यांदाच इथे आलेत.

कलाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत विनंती नव्हती. मी काय करतो ते बघत होती फक्त. मग साहेबांकडे वळून म्हणाली, "गेल्या साली ज्येष्ठापासून. जून धरा."

"इथे एप्रिल आहे."

"तिथं आसंल. मी जूनपासून हाय."

साहेबांनी मला विचारलं, "मालक, तुमचं काय म्हणणं?"

मालक. मी म्हटलं, "बाई सांगते ते खरं आहे. वीस जून. माझ्याकडे लिहिलेलं आहे." आणि टेबलाच्या खणातून ही वही काढून दिली. त्यांनी ते पान वाचलं. बहुतेक पुढची दोन-तीन पानंही वाचली. वही मिटून परत दिली.

मग तपासणीच्या पुस्तकात लाल शाईने बराच वेळ लिहिलं आणि माझी सही घेतली. जाताना म्हणाले, "हा शेरा तुमच्याविरुद्ध आहे. रजेचा हिशेब वीस जूनपासून करावा लागेल. नोटीस येईल."

"येऊ द्या," मी म्हटलं.

जीप गेल्यावर कलाबाई टेबलाशी आली. "काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. "कलाबाई मंगळू भोये या कामगार दिनांक वीस जून एकोणीसशे त्र्याऐंशीपासून या कारखान्यात काम करीत असून, अपघाताच्या दिवशी त्या कामावर होत्या, हे मालकांनी मान्य केले आहे."

ती थोडा वेळ त्या लाल ओळींकडे बघत उभी राहिली.

"परत वाचा," म्हणाली.

मी परत वाचलं.